उत्तर देणारे ठोके

आमच्या गटात दोन गोष्टींना बंदी होती. ‘सगळं नीट होईल’ असं कुणी कुणाला म्हणायचं नाही, आणि पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं मशीन घरी ठेवायचं नाही. पहिल्या बंदीचं कारण विचारायची गरज पडत नसे. ते वाक्य आम्हां प्रत्येकीला एकदा ऐकवून झालं होतं. दुसरीचं कारण कॉरिन सांगायची नाही. म्हणायची, “हात दिलेत ना देवानं? मग हातानं मोजा.”

कॉरिन पन्नाशीची, उंच, आवाजानं खरखरीत. तलावाकाठच्या डुलुथ शहरातल्या चढावरल्या एका चर्चच्या तळघरात दर गुरुवारी दुपारी दोनला ती आम्हांला जमवायची. तिथे रविवारच्या शाळेतल्या पोरांच्या बुटक्या खुर्च्या होत्या. त्यांच्यावर आम्ही सात-आठ पोटुशा बायका गुडघे हनुवटीशी घेऊन बसायचो. आपलं नाव सांगायचं, कितवा आठवडा ते सांगायचं, आणि जे गेलं त्याचं नाव सांगायचं. मी ब्रिटा. बत्तिसावा आठवडा. सोरेन.

सोरेन छत्तिसाव्या आठवड्यात पोटातच गेला, त्याला दोन वर्षं होत आली होती. त्या दिवशी तो हलत नाहीये हे मला दुपारभर कळलं नव्हतं. मी स्वयंपाकघराचे पडदे शिवत होते.

नव्या बाईला गटातली जुनी बाई सोबतीण म्हणून मिळायची. माझी सोबतीण खुद्द कॉरिन. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दोनच्या ठोक्याला तिचा फोन यायचा आणि प्रश्न तोच असायचा: किती वेळात दहा? सकाळी खाणं झालं की डाव्या कुशीवर पडायचं, पोटावर हात ठेवायचा आणि दहा हालचाली होईपर्यंत उठायचं नाही. लाथ, ढुशी, लोळण, काहीही चालेल. माझे दहा कधी अठरा मिनिटांत व्हायचे, कधी पन्नास. पन्नास झाली की सदऱ्याची पाठ भिजून जायची.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी गट सुटल्यावर टेसा कोस्कीनं मला गाडीपाशी गाठलं. तिचं दुसरं बाळ सुखरूप झालं होतं, त्याला घेऊन ती सगळ्यांना दाखवायला आली होती. गाडीच्या मागच्या सीटवरून तिनं गरम भांडी न्यायची एक कापडी पिशवी काढून माझ्या हातात दिली. पिशवी हलकी लागली.

“ह्यात जेवण नाहीये,” ती म्हणाली. “आत्ता उघडू नकोस. कॉरिन खिडकीत आहे.”

“मशीन?”

“मी शेवटचे दोन महिने ह्याच्यावर काढले. तू काय, मोजून मोजून वेडी होशील. रंग बघ तुझा, उकडलेल्या बटाट्यासारखी झालीयेस.”

“तिला कळलं तर?”

“तिला कोण सांगणार आहे? हा?” बाळाच्या टोपीकडे बोट करून ती हसली. “ह्यानं अजून तोंड उघडलं नाही कुणापुढे. फक्त दुधासाठी उघडतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नेल्स कामावर गेला. नेल्स माझा नवरा. तो काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो, त्यामुळे त्या महिन्यात तो पहाटे निघायचा तो अंधार पडल्यावर यायचा. दहाला मी पलंगावर पडले, पोटावर ते थंडगार जेल लावलं आणि मशीनचा दांडा टेकवला. मशीन मुठीएवढं, बारीक भोकांतून आवाज यायचा, वर मिनिटाला किती ठोके तो आकडा उमटायचा. पाच-सहा मिनिटं नुसती खरखर होती. मग बेंबीच्या उजवीकडे, वर, एकदम टापा ऐकू आल्या. कुणी तरी लांबवर, कडक जमिनीवरून, कुठेही न थांबता पळत होतं. १४८.

मी रडले. पुसलं. पुन्हा ऐकलं.

तेव्हापासून मी हातानं मोजायचं सोडलं. ठोके ऐकू येत असताना लाथा मोजत कशाला पडायचं, असं मला वाटलं. कॉरिनला फोनवर मी काहीतरी आकडा सांगायचे. चोवीस मिनिटं. एकतीस मिनिटं. दर वेळी तोच सांगू नये एवढी हुशारी मला होती.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारपर्यंत तसंच चाललं. दर वेळी आधी शोधावं लागायचं, दांडा इकडेतिकडे सरकवावा लागायचा, कारण ती आत हिंडायची. १४६, १५०, १४७. मुलगी आहे हे आम्हांला ठाऊक होतं. नाव ठेवलं नव्हतं.

शनिवारी ठोके जागच्या जागी सापडले.

मी दांडा डाव्या बाजूला, खाली, जांघेच्या वर टेकवला आणि तत्क्षणी आवाज आला, जणू तिथे कुणी आधीपासून येऊन थांबलं होतं. आवाज जरा बदललेला होता. टापा नव्हत्या, पडद्याआडून कुणी फुंकर घालावी तसं, सू-सू-सू. आकडा १२४. टेसानं आत चिठ्ठी ठेवली होती, ११० ते १६० ठीक. म्हणजे ठीकच होतं. उलट सापडायला वेळ लागला नाही म्हणून मी खूश झाले, आणि त्या जागेवर पेनानं एक बारीक फुली केली.

रविवारी नेल्स घरी होता. बाहेर इतकी थंडी होती की तलावावरून वाफेचे खांब उठत होते आणि खिडकीतून पाणी दिसतच नव्हतं. मी झोपायच्या खोलीत ऐकत पडले होते. नेल्स मोज्यांवर चालत आला, मला चाहूल लागली नाही, आणि त्यानं एकदम विचारलं, “कॉफी टाकू?” मी दचकले. ठोके उधळले. १२६ वरून १४३.

“अगं, तिनं मला ऐकलं,” नेल्स म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला की मला बघवेना. “पुन्हा बोलू का? ए पोरी, बाप बोलतोय तुझा. कॉफी घेणार?”

ह्या खेपेस काही झालं नाही. आकडा हळूहळू खाली आला, १३०, १२७.

“बापाची एवढीच किंमत,” तो म्हणाला आणि कॉफी करायला गेला.

तो गेल्यावर मी दार लावून घेतलं. एक गोष्ट माझ्या ध्यानात येऊ लागली होती, आणि मला ती पडताळून बघायची होती. मी डोळे मिटून सावकाश श्वास घेतला. ठोके शांत झाले. मग मी मनात म्हटलं, हलत नसेल तर? ठोके वाढले. मी तोंड उघडलं नव्हतं. बोटसुद्धा हलवलं नव्हतं. आतल्याला माझ्या मनातलं कळत होतं.

सोमवारी नेल्स ट्रकवर गेल्यावर मी आतल्याशी बोलायला सुरुवात केली. घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. छपरावरचं बर्फ तडतडत होतं. मी म्हटलं, “आज हवा मोकळी आहे.” १२२. “दुपारी मी सूप करणार आहे.” १२१. “तुझी मावशी यायची आहे एप्रिलात.” १२३. कुणीतरी कान देऊन बसलंय, पण त्याला ह्यातलं काहीच नकोय, असं वाटत राहिलं.

मग मी म्हटलं, “सोरेन.”

१२३. १३१. १४०. १४७.

मी दांडा उचलला. खोली एकदम मुकी झाली. मग पुन्हा टेकवला, फुलीवरच. लगेच आला. मी आकडा उतरेपर्यंत थांबले आणि पुन्हा ते नाव घेतलं, आणि पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदाही. जगात माणसाला एकाच नावाला ओ देता येते, स्वतःच्या. माझ्या मनात जे आलं ते आजही लिहिताना हात जड होतो. मला वाटलं, आत ती नाहीये. तो आहे. त्यानं जागा घेतली आहे, आणि ती कुठे गेली हे मला विचारायचा धीर होत नव्हता.

शिकलेली बाई आहे मी. हायस्कुलात चार वर्षं जीवशास्त्र शिकवलं आहे. पण नेल्सला मी एक शब्द बोलले नाही, आणि खरं सांगायचं तर मला भीतीपेक्षा दुसरंच काही वाटत होतं. मला उद्याचे दहा कधी वाजतायत असं झालं होतं.

मंगळवारी मी दहाची वाट पाहिली नाही. नेल्सचा ट्रक वळणाआड गेला तशी पलंगावर पडले ती उठलेच नाही. नाव घ्यायचं, चढू द्यायचं, उतरू द्यायचं. सोरेन. मध्ये एकदा पोट मला दगडी वाटलं, नुसतं वजन, पण कानात ठोके होते म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. जेवायचं राहिलं. उन्हाची पट्टी पलंगावरून भिंतीवर गेली.

दोनला फोन वाजला.

“किती वेळात दहा?” कॉरिननं विचारलं.

“सव्वीस मिनिटांत.”

“छान. सगळ्यात जोरात कुठे बसली?”

हा प्रश्न तिनं आधी कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, “डावीकडे. खाली.”

“पायानं की हातानं?”

“म्हणजे?”

“मागच्या मंगळवारी डॉक्टरांनी डोकं खाली आहे म्हणून सांगितलं ना? मग खाली कसली लाथ मारतेय ती, डोक्यानं?”

मी पोटावरच्या फुलीकडे बघितलं.

“ब्रिटा, शेवटची हललेली कधी आठवतेय? मशीनचं सोड. तुझ्या हाताला.”

“कसलं मशीन?”

“टेसाचं. तिच्या आधी ते गटातल्या लिनियाकडे होतं. बंदी घालून काही होत नाही, एवढं मला कळतं बाई. मी चिडलेली नाही. शेवटची कधी?”

मी आठवू लागले. सोमवार आठवला, त्यात लाथ नव्हती. रविवार. शनिवार. शुक्रवारी, हो, शुक्रवारी रात्री जेवताना तिनं बरगडीत टाच खुपसली होती आणि माझा काटा ताटात पडला होता.

“पण ठोके आहेत, कॉरिन,” मी घाईनं म्हणाले. “आत्ता चालू आहेत. ऐका तुम्ही. आणि ते... ते उत्तर देतात.”

“कुणाला उत्तर देतात?”

मी सांगितलं. नावाचं सुद्धा. मग ती म्हणाली, “फोन जवळ धर त्याच्या.”

मी धरला. सू-सू-सू.

“आता फोन तुझ्या कानाशी घे. मोकळ्या हाताची दोन बोटं मानेवर ठेव, जबड्याखाली. नाडी सापडली?”

“हो.”

“तिच्याबरोबर तोंडानं म्हण. टक, टक. मशीनकडे बघू नकोस.”

मी म्हणू लागले. टक, टक, टक. पाच-सहा वेळा म्हटलं असेल. माझं प्रत्येक टक मशीनच्या फुंकरीवर पडत होतं. एकही पुढे नाही, एकही मागे नाही. मी थांबले, बोटं तशीच ठेवून. बोटांखाली आणि मशीनमध्ये एकच जण चालत होता.

“सोरेन म्हण,” कॉरिन हळूच म्हणाली.

म्हणायची गरज पडली नाही. नुसत्या विचारानं माझ्या मानेतली शीर उसळली आणि मशीन तिच्याबरोबर.

“मीही ऐकले होते,” कॉरिन म्हणाली. तिचा आवाज जवळून आल्यासारखा वाटला. “एकोणीस वर्षांपूर्वी. तीन दिवस. मी त्यांना गाणी म्हणून दाखवली. डॉक्टर म्हणाले, बाळ सोमवारीच गेलंय. मी बुधवारी संध्याकाळपर्यंत ऐकत होते. भ्यालेल्या बाईचं काळीज बाळासारखं पळतं, ब्रिटा. आता उठ आणि कोट घाल.”

“आधी थंड पाणी पिऊन बघते. गोड काहीतरी खाऊन—”

“काही पिऊ नकोस, काही शोधत बसू नकोस. नेल्स कुठे आहे?”

“टू हार्बर्स गावाच्या रस्त्याला.”

“त्याला मी कळवते. बूट घालताना वाकू नकोस, तशीच ये. मी निघालेय.”

सात मिनिटांत तिची गाडी दारात होती. मी घरातल्या सपाता घालून बर्फातून चालत गेले. तिनं माझा पट्टा स्वतः लावला, पोटाच्या खालून.

उतारावरून शहर दिसत नव्हतं. तलावाची वाफ रस्त्यावर चढून आली होती, सूर्य तिच्यात पांढरा, चपटा दिसत होता, आणि समोरच्या गाड्या लाल दिव्यांपुरत्याच उरल्या होत्या. मी पोटावर दोन्ही हात ठेवले होते. हातांना काहीही लागत नव्हतं. आणि कानात अजून तो आवाज होता. मशीन घरी पलंगावर पडलेलं, तरी तो होता. तो माझाच हे आता मला कळत होतं, पण कळून भीती कमी होत नव्हती. शनिवारपासून मी स्वतःलाच ऐकत होते आणि ती त्या वेळात आत एकटी होती.

“कॉरिन,” मी म्हटलं, “एकदा म्हणा ना. सगळं नीट होईल म्हणा.”

“नाही म्हणणार.”

“खोटं म्हणा.”

“खोटं ऐकून तू इथवर आलीयेस,” ती म्हणाली. तिचे डोळे रस्त्यावरून हलले नाहीत. “माझा हात हवा असेल तर घे. गाडी मला एका हातानं चालवता येते.”

मी घेतला. तो माझ्या हातापेक्षा गार होता.

हॉस्पिटलात तिनं आधीच फोन केला असावा, कारण आम्हांला कुठेही थांबवलं नाही. नर्स वयानं माझ्याएवढीच, छातीवर नावाची पट्टी, ‘मॅरीस’. तिनं माझ्या पोटाला दोन पट्टे बांधले आणि मग माझ्या बोटाला एक चिमटा लावला.

“हा कशाला?” मी विचारलं.

“तुमची नाडी वेगळी दिसावी म्हणून. नाहीतर आम्हीही फसतो.”

पडद्यावर माझा आकडा आला, १३६. खाली दुसरी जागा रिकामी होती, दोन आडव्या रेघा. मॅरीसनं पट्टा सरकवला. खालीही आकडा उमटला, १३६. तिनं मान हलवली आणि पट्टा उचलला. पुन्हा रेघा. डावीकडे नेला. खरखर. वर नेला, बरगडीखाली. खरखर. तिला माझ्या पोटावरची फुली दिसली असणार. कॉरिन माझ्या उशाशी उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत नव्हता.

मग उजवीकडे, अगदी कुशीत, तिनं पट्टा दाबून धरला. आणि टापा आल्या. बारीक, खूप लांबून, पण टापा. खालच्या जागेत आकडा आला.

वर १४१. खाली ११८.

“वेगळे आहेत,” मी म्हणाले. “वेगळे आहेत ना?”

“वेगळे आहेत,” मॅरीस म्हणाली. “हे तिचेच आहेत.”

मी हसले असेन. माझा आकडा चढत होता, १४४, १४९, आणि तिचा जागचा हलत नव्हता. ११८. ११८. मशीनमधून निघणाऱ्या कागदावर माझी रेघ डोंगरासारखी आणि तिची पट्टीनं ओढल्यासारखी सरळ. मला वाटलं, बघा, मी एवढी घाबरलेय आणि ती किती शांत आहे. मी तसं बोललेही. कॉरिननं माझ्या खांद्यावरची पकड घट्ट केली.

मॅरीस कागदाकडे बघत होती. दोन मिनिटं. तीन. “रेघ इतकी सरळ नको असते, वरखाली हवी,” ती म्हणाली आणि भिंतीवरचं बटण दाबलं.

मग खोलीत माणसं आली. डॉक्टर बाईंनी कागद वाचला, माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं की बाळ दमलं आहे, कालपरवापासूनच दमलेलं असावं, आणि आता बाहेर काढायचं. तेहतिसावा आठवडा म्हणजे लवकर आहे, पण आत ठेवण्यात धोका जास्त. मी विचारलं, जगेल का. त्या म्हणाल्या, “आत्ता जिवंत आहे. आम्ही धावतोय.” त्यांनीही ते वाक्य उच्चारलं नाही, आणि त्याच क्षणी माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

कॉरिनला दाराशी थांबवलं. नेल्स अजून रस्त्यावर होता. पाठीत सुई गेली, पाय माझे राहिले नाहीत, छातीपासून खाली एक निळा पडदा उभा केला. माझ्या डोक्याशी भूल देणारी बाई होती, चष्मा आणि टोपी एवढंच दिसणारी. पडद्यापलीकडे कुणी कपाट धुंडाळावं तसं माझं शरीर हलत होतं. पट्टे काढून टाकले होते, त्यामुळे आता खालचा आकडा कुठेच नव्हता. वरचा फक्त होता, माझा, १५२, आणि त्याचा आवाज खोलीभर. मी त्याच्याकडे लक्ष न देण्याचा प्रयत्न केला. दुसरं ऐकायला काहीच नव्हतं.

“बाहेर आली,” पलीकडून कुणी म्हणालं. वेळ सांगितली. तीन वाजून सहा मिनिटं.

मग शांतता. पावलं. कुणीतरी कुजबुजत मोजत होतं. सोरेनच्या वेळची शांतता मला ठाऊक होती, तिच्यात पावलंसुद्धा नव्हती, म्हणून मी पावलांना धरून राहिले.

आणि एक आवाज आला. पातळ, चिडका, दाराच्या बिजागरीसारखा. थांबला. पुन्हा आला, ह्या वेळी लांब. माझं तोंड उघडं होतं, गाल ओले होते, घसा कोरडा पडला होता, आणि तो आवाज कुठून येतोय ते मला ठरवता येईना.

“मी रडतेय का?” मी विचारलं.

भूल देणारी बाई माझ्यावर वाकली, चष्मा माझ्या चेहऱ्याजवळ आला.

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही गप्प आहात.”